महाग मोटार अधिक भक्कम असते का?

मोटार पाहण्यासाठी शोरूममध्ये गेलेला आपल्याकडचा ग्राहक दोन गोष्टी हमखास करतो. बॉनेटवर बोटांनी टकटक करून पाहतो आणि दार उघडून पुन्हा लावून पाहतो. पत्रा टणक वाजला आणि दार ‘धप्प’ असा भारदस्त आवाज करून बसले, की गाडी भक्कम. पत्रा पोकळ वाजला आणि दार ‘खट्’ करून लागले, की गाडी म्हणजे ‘डबा’. या दोन चाचण्यांत जर्मन किंवा जपानी प्रीमियम गाड्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट किमतीचे समर्थनही मग आपोआप होऊन जाते.

पूर्वी हा प्रश्न मूठभर श्रीमंतांपुरता होता. आता तसे राहिलेले नाही. काही वर्षे वापरलेली जर्मन सेडान आणि कोरी करकरीत मध्यम आकाराची एसयूव्ही यांच्या किमती एकमेकींच्या जवळ आल्या आहेत. त्यामुळे कर्ज काढून गाडी घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबासमोरही हा पर्याय उभा राहतो. ‘जुनी असली म्हणून काय झाले, बांधणी तर मर्सिडीजची आहे ना,’ हा युक्तिवाद अशा वेळी निर्णायक ठरतो. या युक्तिवादावर कुटुंबाची सुरक्षितता आणि पुढच्या चार-पाच वर्षांचा घरखर्च अवलंबून असतो. म्हणूनच तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

उत्तर एका वाक्यात सांगायचे, तर ते असे : महाग गाडीची बांधणी एका अर्थाने खरोखरच सरस असते, दुसऱ्या अर्थाने आता फारसा फरक उरलेला नाही आणि तिसऱ्या अर्थाने अनेकदा उलटेच चित्र दिसते.

एक शब्द, तीन अर्थ

‘बांधणी’ हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गुणांसाठी वापरतो. पहिला गुण डोळ्यांना, कानांना आणि बोटांना जाणवणारा. पत्र्यांमधील फटी सारख्या असणे, रंग नितळ असणे, डॅशबोर्डचे प्लॅस्टिक मऊ लागणे, खड्ड्यातून जाताना आतून कुरकुर न ऐकू येणे हे सारे त्यात येते. दुसरा गुण अपघाताच्या क्षणी दिसणारा, म्हणजे आतल्या माणसांभोवतीचा सांगाडा शाबूत राहतो की चेमटतो. तिसरा गुण दिसायला वर्षे लागतात. गाडी किती काळ विनातक्रार चालते, गंजते कधी, बिघडते किती वेळा आणि बिघडल्यावर खर्च किती येतो, हा तो गुण होय.

हे तिन्ही गुण एकाच गाडीत एकत्र नांदतीलच असे नाही. शोरूममधील दहा मिनिटांत यातला फक्त पहिला तपासता येतो. ग्राहक मात्र त्यावरून उरलेल्या दोघांचाही निकाल देऊन मोकळा होतो. खरी गफलत येथे आहे.

पत्र्याची जाडी आणि आतला सांगाडा

आधी टकटक करण्याच्या चाचणीकडे वळू. मोटारीचा बाहेरून दिसणारा पत्रा, म्हणजे बॉनेट, दाराची बाह्य बाजू, मडगार्ड, हा साधारणपणे पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. गाडी आठ लाखांची असो की ऐंशी लाखांची, या आकड्यात फार मोठा फरक पडत नाही. बोटाने दाबल्यावर तो किती लवचीक वाटतो हे त्याच्या वळणावर, मागे लावलेल्या आधारपट्टीवर आणि आतून चिकटवलेल्या ध्वनिरोधक थरावर अवलंबून असते. शिवाय अनेक प्रीमियम गाड्यांत वजन घटवण्यासाठी बॉनेट ॲल्युमिनियमचे असते. ऑडीने १९९४ मध्ये ए८ या गाडीचा सारा सांगाडाच ॲल्युमिनियमचा केला होता. टकटक करणाऱ्या ग्राहकाने तिला ‘डबा’ ठरवले असते, तर नवल नव्हते.

अपघातात हा बाह्य पत्रा जवळपास काहीच वाचवत नाही. वाचवतो तो आतला सांगाडा : छत पेलणारे खांब, दाराखालचे उंबरे, तळाच्या आडव्या तुळया आणि पुढे-मागे मुद्दाम चेमटण्यासाठी केलेले भाग. समोरची धडक बसल्यावर पुढचा भाग चुरगळून ऊर्जा शोषून घेतो आणि माणसे बसतात तो कप्पा ताठ राहतो, हे आजच्या मोटारीच्या सुरक्षेचे मूलतत्त्व आहे. मर्सिडीजमधील अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष गाडीत उतरली. म्हणजे ‘पत्रा चेमटला, गाडी कचकड्याची निघाली’ असे अपघातानंतर जे म्हटले जाते, ते पुष्कळदा चुकीचे असते. पुढचा भाग चेमटणे हे त्या भागाचे कर्तव्यच असते. प्रश्न कप्पा चेमटला का, एवढाच विचारायचा असतो.

या कप्प्यासाठी आज जे पोलाद वापरतात, त्याची जात महत्त्वाची ठरते. सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला पत्रा साच्यात दाबून तेथेच झपाट्याने थंड केला, की त्याची ताकद साध्या पोलादाच्या चौपट-पाचपट होते. स्वीडनच्या साब कंपनीने १९८४ मध्ये आपल्या ९००० या गाडीच्या दारांमधील तुळयांसाठी हे तंत्र वापरले. तेव्हा ते महागड्या गाड्यांचे वैशिष्ट्य होते. आज भारतात दहा-बारा लाखांना मिळणाऱ्या गाड्यांच्या खांबांतही असे पोलाद असते.

मोटारीच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. चाके एकदम जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक ‘एबीएस’ ब्रेक यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली आणि १९८० च्या अखेरीस चालकासाठीची एअरबॅगही त्याच गाडीत आली. भारतात २०१९ मध्ये या दोन्ही गोष्टी सर्व नव्या मोटारींना सक्तीच्या झाल्या. जे प्रथम श्रीमंतांच्या गाडीत येते, ते कालांतराने सर्वांच्या गाडीत उतरते. प्रीमियम गाडीचा ग्राहक अनेकदा ‘अधिक चांगले’ यापेक्षा ‘आधी’ या गोष्टीसाठी पैसे मोजत असतो.

फटी, आवाज आणि लेक्ससचा धडा

पहिल्या अर्थाच्या बांधणीत मात्र प्रीमियम गाड्यांची बाजू भक्कम आहे, आणि ती का आहे हे समजून घेण्याजोगे आहे.

साच्यातून बाहेर आलेला पत्रा थोडी उसळी घेतो, म्हणजे दाबलेल्या आकारातून किंचित मागे येतो. अशा शेकडो भागांचे स्पॉट वेल्डिंग करून मोटारीची काया तयार होते. प्रत्येक भागात अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली, तर शेवटी दार आणि मडगार्ड यांच्यातली फट वर तीन व खाली सहा मिलिमीटर अशी तिरकी दिसू लागते. फटी अरुंद आणि सर्वत्र सारख्या ठेवायच्या, तर साचे अधिक काटेकोर लागतात, ते वेळेवर दुरुस्त करावे लागतात, मोजणी वाढवावी लागते आणि न जुळणारी गाडी बाजूला काढावी लागते. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. समान फट ही कारखान्याच्या शिस्तीची खूण मानली जाते, ती यामुळेच.

या शिस्तीचे भांडवल कसे करावे, हे टोयोटाने जगाला दाखवले. १९८३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातील सर्वोत्तम मोटारीशी टक्कर देईल अशी गाडी बनवण्याचे आव्हान आपल्या अभियंत्यांपुढे ठेवले. त्यातून १९८९ मध्ये अमेरिकेत ‘लेक्सस एलएस ४००’ अवतरली. तिच्या जाहिरातीत रोलरवर चढवलेल्या गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचला होता. इंजिन वेगाने फिरत असूनही पेल्यांतला थेंबही सांडत नव्हता. पुढे ‘ईएस ३००’ या गाडीच्या जाहिरातीत एक पोलादी गोळी बॉनेटभोवतीच्या फटींवरून घरंगळत जाताना दाखवली गेली. फट रेसभर इकडे-तिकडे असती, तर गोळी अडली असती. गंमत अशी, की ही ईएस ३०० म्हणजे टोयोटाच्याच कॅमरी या सर्वसाधारण गाडीची सख्खी बहीण होती.

लेक्ससनेही पहिल्याच वर्षी मार खाल्ला. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे ८,००० गाड्या दोष दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने ग्राहकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन, पेट्रोलची टाकी भरून परत पोहोचवल्या. नामुष्कीचे रूपांतर प्रतिष्ठेत झाले. प्रीमियम या शब्दात वस्तूइतकीच वागणूकही मोडते, हा त्यातला धडा होता.

युरोपात हे लोण सर्वसाधारण गाड्यांपर्यंत नेण्याचे श्रेय फोक्सवागनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पीएश यांना द्यावे लागते. पत्र्यांमधील फटींबाबतचा त्यांचा आग्रह वाहन उद्योगात दंतकथेसारखा सांगितला जातो. १९९७ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या गोल्फचे अंतरंग पाहून प्रतिस्पर्धी चकित झाले होते. त्याच पायावर उभारलेली स्कोडा ऑक्टेव्हिया २००१ मध्ये भारतात आली. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेल्या या गाडीच्या दाराचा ‘धप्प’ आवाज मराठी मध्यमवर्गाने प्रथमच एवढ्या किमतीत ऐकला.

हा आवाज निसर्गदत्त नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दाराभोवती दुहेरी रबरी पट्टी, आतल्या बाजूला डांबरी किंवा रबरी थर, कुलपाच्या जिभेवर प्लॅस्टिकचे वेष्टन आणि काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतला सैलपणा काढून टाकणे, एवढ्या उपायांनी तो घडवला जातो. मोटार कंपन्यांत त्यासाठी स्वतंत्र ध्वनितज्ज्ञ असतात. दार धडकेत किती टिकेल, हे त्या आवाजावरून अजिबात कळत नाही.

एका कारखान्यातल्या दोन बहिणी

प्रीमियम म्हणून मोजलेले जादा पैसे जातात कुठे, हे पाहायचे, तर एकाच घरातल्या दोन गाड्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात. महाराष्ट्रातच त्याचे उत्तम उदाहरण घडले. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे फोक्सवागन समूहाचा कारखाना आहे. २०१३ मध्ये तेथून तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आणि २०१४ मध्ये ऑडी ए३ सेडान बाहेर पडली. दोघींचा पाया ‘एमक्यूबी’ हाच. १.८ लिटरचे पेट्रोल आणि दोन लिटरचे डिझेल इंजिनही दोघींना सामाईक. ऑक्टेव्हियाची शोरूममधील किंमत सुमारे १४ लाखांपासून सुरू होत होती, ए३ ची सुमारे २३ लाखांपासून.

मग फरक कोठे होता? ए३ चे बॉनेट आणि पुढची मडगार्ड ॲल्युमिनियमची होती. डॅशबोर्डचे साहित्य अधिक तलम होते, वातानुकूलन यंत्राच्या झडपा फिरवताना धातूचा थंड स्पर्श आणि मोजूनमापून दिलेली ‘टिक’ जाणवत असे. फटी अधिक अरुंद होत्या. उलट मागच्या सीटवर पाय पसरायला जागा ऑक्टेव्हियात अधिक होती आणि तिची डिकी ५९० लिटरची होती, तर ए३ ची ४२५ लिटरची. म्हणजे स्पर्श आणि बोधचिन्ह ऑडीचे, ऐसपैसपणा स्कोडाचा आणि दोघींच्या आतला हाडांचा सापळा बराचसा एकच.

टोयोटाच्या घरातही हेच दिसते. कर्नाटकातील बिदादी येथे टोयोटा कॅमरीची जुळणी होते आणि २०२० पासून तेथेच लेक्सस ईएस ३००एच चीही जुळणी सुरू झाली. पायाभूत रचना आणि अडीच लिटरची हायब्रीड यंत्रणा एकाच कुळातली. लेक्ससमध्ये शांतता अधिक, अंतर्गत सजावट अधिक, रंगकाम आणि तपासणी अधिक.

ही सामाईकता दोषांनाही लागू होते. फोक्सवागन समूहाच्या सात गतींच्या ‘डीएसजी’ स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये दोष आढळल्याने २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सुटा भाग सामाईक असेल, तर बिघाड बॉनेटवरचे बोधचिन्ह पाहून येत नाही.

जीव वाचवणारी बांधणी कोणाची?

भारतात या प्रश्नाला खरी वाचा फुटली ती जानेवारी २०१४ मध्ये. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवागन पोलो या गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पण शून्याशून्यातही फरक होता. पहिल्या तीन गाड्यांचा सांगाडाच कोलमडला होता, त्यामुळे एअरबॅग लावूनही फारसा उपयोग झाला नसता, असा निष्कर्ष निघाला. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा मात्र स्थिर राहिला. दोन एअरबॅग असलेल्या पोलोची चाचणी घेतली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. सांगाडा ही पहिली गोष्ट आणि एअरबॅग ही दुसरी, हे यातून स्पष्ट झाले.

त्यानंतरचा बदल वेगाने घडला. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. तिचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे. २०२० मध्ये टाटा अल्ट्रोज आणि महिंद्र एक्सयूव्ही३०० यांनी तेच यश मिळवले. २०२२ मध्ये चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवागन टायगुन यांनी अधिक कठोर झालेल्या नियमांखाली पाच तारे घेतले. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी पद्धती लागू झाली. आणि ज्या कंपनीच्या पत्र्याची सर्वाधिक टिंगल झाली, त्या मारुतीच्या नव्या डिझायरने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले. त्या गाडीचा पत्रा काही एका रात्रीत जाड झाला नव्हता, बदलला होता तो सांगाडा.

याचा अर्थ पाच ताऱ्यांची छोटी गाडी आणि पाच ताऱ्यांची मोठी जर्मन सेडान अपघातात सारख्याच ठरतील, असा नाही. चाचणीत गाडी ठराविक अडथळ्यावर आदळते. रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तर जड गाडीला भौतिकशास्त्राचा फायदा मिळतो. प्रीमियम गाड्यांत एअरबॅगची संख्या, धडक टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि उत्तम टायर-ब्रेक हेही बहुधा अधिक असते. पण ‘साधी गाडी म्हणजे जिवाशी खेळ’ हे २०१४ मध्ये बऱ्याच अंशी खरे असलेले विधान आज सरसकट खरे नाही. ते गाडीगणिक तपासावे लागते.

शिवाय कोणतीही बांधणी पट्ट्याशिवाय अपुरी आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी जर्मन प्रीमियम कंपनीची होती. मागे बसलेल्या दोघांनी सीटबेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. पुढच्या सीटवरील दोघे बचावले, मागचे दोघे दगावले. मागच्या सीटवर पट्टा न लावणाऱ्या आपल्या समाजाने त्या घटनेतून हा बोध घ्यायला हवा.

टिकाऊपणाचा उलटा हिशेब

आता तिसरा गुण. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, याचा आकडा जाहीर करते. आकडा जितका लहान, तितकी गाडी चांगली. २०२२ च्या पाहणीत पहिल्या क्रमांकावर किआ ही सर्वसाधारण गाड्या बनवणारी कोरियन कंपनी होती. तिचा आकडा १४५ होता, तर उद्योगाची सरासरी १९२ होती. सर्वसाधारण ब्रॅण्डची सरासरी १९० आणि प्रीमियम ब्रॅण्डची २०४ होती. म्हणजे अधिक पैसे मोजणाऱ्यांनी अधिक तक्रारी केल्या. पुढच्याच वर्षी पहिला क्रमांक लेक्ससने १३३ या आकड्यासह पटकावला, हेही सांगायला हवे. प्रीमियम गाडी टिकाऊ असूच शकत नाही, असे नव्हे. पण टिकाऊपणा किमतीबरोबर आपोआप येत नाही.

याचे कारण सोपे आहे. गाडीत जितक्या वस्तू अधिक, तितक्या बिघडण्याच्या जागा अधिक. हवेवर चालणारे सस्पेन्शन, मालिश करणाऱ्या सीट, डझनभर संवेदक, दोन-तीन पडदे आणि त्यांना बांधणारे सॉफ्टवेअर हे सारे साध्या गाडीत नसतेच, त्यामुळे ते बिघडतही नाही. मर्सिडीजसारख्या कंपनीलाही याचा फटका बसला. २००५ मध्ये तिला इलेक्ट्रॉनिक्स आणि ब्रेक यंत्रणेच्या तपासणीसाठी जगभरातून सुमारे १३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. १९९५ ते २००२ या काळातील ई-क्लासची पिढी तर गंजासाठी ओळखली जाते. उलट पोर्शने १९७० च्या दशकात आणि ऑडीने १९८० च्या दशकात पत्र्याला जस्ताचा मुलामा देऊन गंजावर मात करण्यात आघाडी घेतली होती. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत ही बाब फार महत्त्वाची ठरते.

जे. डी. पॉवरच्या आकड्यांना दुसरी बाजूही आहे. तक्रारींत फोन न जुळणे, पडदा गोंधळणे अशा गोष्टींचा वाटा मोठा असतो. जर्मनीतील ट्यूव्ही संस्थेची तपासणी वेगळी असते. ती ब्रेक, धुरे, दिवे, गंज, गळती असे भाग पाहते. तेथे पोर्श ९११ सारखी महागडी गाडी अनेकदा अव्वल ठरली आहे. अर्थात अशा गाड्या कमी धावतात आणि त्यांची निगाही कसोशीने राखली जाते. २०२४ च्या अहवालात दोन ते तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये सर्वांत कमी दोष फोक्सवागन गोल्फ स्पोर्ट्सव्हॅन या कौटुंबिक गाडीत आढळले, तर टेस्ला मॉडेल ३ या महाग विजेच्या गाडीत गंभीर दोषांचे प्रमाण १४.७ टक्के निघाले. मोजपट्टी बदलली, की क्रमवारी बदलते. न बदलणारा निष्कर्ष एकच : किंमत पाहून टिकाऊपणाचा अंदाज बांधता येत नाही.

किमतीत बांधणीचा वाटा किती?

प्रीमियम गाडीच्या किमतीतला मोठा भाग बांधणीशी संबंधितच नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर १८ टक्के, तर मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळचा एकरकमी वाहनकरही किमतीच्या प्रमाणात वाढत जातो. शिवाय या गाड्यांचे अनेक सुटे भाग परदेशातून येतात आणि येथे फक्त जुळवले जातात, त्यावर आयात शुल्क पडते. मर्सिडीजने भारतातील पहिली जुळणी १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी येथील कारखान्यात सुरू केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उघडला, तरी ही पद्धत मूलतः तीच राहिली. संख्याही लहान असते. २०२४ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली, त्यात मर्सिडीजच्या गाड्या १९,५६५ होत्या. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीचे साचे आणि संशोधन यांचा खर्च लाखो ग्राहकांत वाटला जातो. प्रीमियम गाडीच्या थोड्या ग्राहकांना तो जास्त सोसावा लागतो.

ग्राहकाने काय पाहावे?

नवी गाडी घेताना टकटक करण्यापेक्षा एनकॅपचा निकाल पाहावा. त्यातही तारे किती एवढ्यावर न थांबता सांगाडा ‘स्थिर’ की ‘अस्थिर’ असा शेरा आहे, लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण किती आणि चाचणी झालेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या, हे वाचावे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात फटी, रंग, रबरी पट्ट्या आणि तळ पाहावा. डाव्या व उजव्या बाजूची फट सारखी असणे, ही फट किती अरुंद आहे यापेक्षा महत्त्वाची.

जुनी प्रीमियम गाडी घेताना अधिक सावध राहावे. रंगाची जाडी मोजणारे साधे यंत्र जाणकार मेकॅनिककडे असते. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. एखाद्या दारावर तो याच्या दुप्पट-तिप्पट निघाला, तर तेथे डेंटिंग-पेंटिंग झाले आहे असे समजावे. संगणकावर दोषसंकेत तपासून घ्यावेत, सर्व्हिसची कागदपत्रे मागावीत आणि कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत ही गाडी होती का, असल्यास दुरुस्ती झाली का, हे चासी क्रमांकावरून विचारावे. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे अधिकार सरकारला मिळाले असून, कसूर करणाऱ्या कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीची किंमत उतरते, पण सुट्या भागांची उतरत नाही. ६० लाखांची गाडी १८ लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलाइट, तिचे सस्पेन्शन आणि तिचा गिअरबॉक्स ६० लाखांच्या गाडीचाच असतो. वॉरंटी संपलेली असेल, तर एकच मोठा बिघाड स्वस्तातल्या खरेदीचा सारा आनंद धुऊन काढतो. वाढीव वॉरंटी मिळत असेल आणि वर्षाला दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढण्याची तयारी असेल, तरच अशा गाडीच्या वाटेला जावे.

तलम स्पर्श, शांत प्रवास आणि काटेकोर फटी यांसाठी ज्याला पैसे मोजायचे आहेत आणि परवडतात, त्याने ते खुशाल मोजावेत. तो गुण खरा आहे. मात्र कुटुंबाची सुरक्षितता आणि बेताच्या खर्चात दहा वर्षे चालणारी गाडी हे ज्याचे उद्दिष्ट आहे, त्याला ते साध्य करण्यासाठी बॉनेटवर परदेशी बोधचिन्ह असण्याची आज गरज उरलेली नाही.